चारशे तेरा पायांचं तळघर

रस्ते आणि गटारं सांभाळणाऱ्या खात्याच्या साहेबांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच वाक्य: ‘सदर घराच्या तळघरात येणारे पाणी घरमालकाच्या हद्दीतील असून त्याचा या खात्याशी संबंध नाही.’ हे लिहिण्याआधी तुमच्यातला एकही जण त्या फाटकाशी उतरून खाली वाकला नाही. गाडीची काच अर्धी खाली केलीत, घराकडे बघितलंत, पाऊस आत येतोय म्हणून काच वर केलीत, आणि झाली पाहणी. मग आता जे गाडीतून दिसलं नाही ते ऐका.

त्या घरात एक बूटवाली राहते. दुकानात खोक्यातून निघतात तसले बूट ती करत नाही. ज्यांना ते बूट होतच नाहीत त्यांचे ती करते. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाला साखरेच्या आजाराने पायाची जाणीवच उरलेली नाही. अशा प्रत्येक पायाचा एक लाकडी साचा असतो, त्याला फर्मा म्हणतात. पायाला जिथे गाठ तिथे फर्म्यावर चामड्याची चकती चिकटवायची, जिथे खळगा तिथे लाकूड तासायचं. ते तासायचं काम तिचे सासरे, आबा, करायचे. आता आबांची नजर गेली आहे, तोंड मात्र शाबूत आहे.

तळघरात भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर फर्मे. चारशे तेरा. आकडा विषम कसा, असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, “सगळ्यांनाच दोन पाय असतात असं तुला कुणी सांगितलं?”

वर दोनच खोल्या, त्याही पत्र्याखाली. तिथे उन्हाळ्यात फर्मे तडकतात. तळघर बारा महिने सारखं, ना ऊन ना वारा, म्हणून अकरा वर्षांपूर्वी हे घर घेताना आबांनी आधी तळघर बघितलं आणि मगच वर चढून स्वयंपाकघर बघितलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत विसरू दिली नाही.

त्या वेळी फाटकातून अंगणात यायला एक पायरी चढावी लागे. आता एक उतरावी लागते. घर खचलेलं नाही. रस्ता चढला. दर दोन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर, जुनं खरवडायचं नावच नाही. गेल्या दोन पावसाळ्यांपासून तळघराच्या भिंतीला ओल धरली, मग कोपऱ्यात पाणी साचू लागलं. बूटवालीने आतून भिंतीला पाणी अडवणारा रंग दिला. त्याला फोड आले. ते खरवडून पुन्हा दिला, पुन्हा फोड. खालच्या फळीवरचे फर्मे पलंगाखाली गेले, कपाटावर गेले. नवऱ्याने चपला समजून एकदा अंधारात फर्म्यातच पाय घालायचा प्रयत्न केला. पण सगळे कुठे ठेवणार?

आणि मग एका सकाळी लेवलकाका आले.

हे काका तिचं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर तुमच्याच खात्यात गटारं बांधली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, ही त्यांची लेवल. ती नळी खांद्यावर वेटोळं करून हिंडायचे म्हणून हे नाव पडलं. साखरेच्या आजाराने डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली आणि उरलेल्या पायाला काही कळेनासं झालं. महिन्यापूर्वी तिनं त्यांना नवा जोड करून दिला होता. आज ते एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी आणि हातात पिशवी घेऊन दारात उभे.

“पोरी, तुझा बूट चावला गं.”

“चावला? कुठे?”

“मला काय विचारतेस? मला कळलं असतं तर ओरडलो नसतो? लेकीनं मोजा धुवायला घेतला, तर टाच लाल. आधी मला झापलं तिनं, मग डॉक्टरनं झापलं. तूही झाप, म्हणजे मोकळा होतो.”

बूटवालीने झापलं नाही. तिने बुटात हात घातला, आतून बोटं फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. धावत तळघरात गेली, काकांचा फर्मा घेऊन आली. ड्रॉवरमधून त्यांच्या पायाचं कार्ड काढलं आणि फर्म्याला टेप लावला. पंजाच्या घेरात दोन सुतांचा फरक. दोन सूत म्हणजे पाव इंच. लाकूड ओलीने आडवं फुगलं होतं. टाचेजवळची चामड्याची चकती सुटून गळून पडली होती. त्या फुगलेल्या फर्म्यावर शिवलेला बूट सैल झाला, पाय आत मागेपुढे होत राहिला, टाच घासत राहिली, आणि टाचेच्या मालकाला पत्ताच नाही.

आबांनी फर्मा मागून घेतला. चाळीस वर्षं ते सांगत आले होते की कार्ड चुकेल, माणूस चुकेल, पण फर्मा खोटं बोलत नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला. मग म्हणाले, “सूनबाई, हा बोलला.”

“चूक माझी आहे, काका,” ती म्हणाली. “कार्ड न बघता नुसत्या फर्म्यावर विसंबले.”

“विसंबणारच. मी माझ्या नळीवर विसंबतो. रडू नको. कुठे ठेवतेस हे?”

“खाली. पण तुम्ही जिना उतरू नका, पाय—”

काका जिन्यावर बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली घसरत गेले. खाली त्यांनी भिंतीला हात लावला, रंगाचा एक फोड नखाने फोडला, आतून पाणी ओघळलं.

“हे काय लावलंस?”

“पाणी अडवणारा रंग. दोनदा.”

“ताप माणसाला आलाय आणि तू थर्मामीटरला गोळी देतेस.” मग त्यांना तिचं तोंड दिसलं आणि आवाज खाली आला. “सगळे हेच करतात, पोरी. आत आलेल्या पाण्याशी भांडत बसतात. त्याच्याशी बोलायचं ते बाहेर असताना. पाऊस लागला की मला बोलाव. कोरड्या दिवशी आलेला माणूस नुसत्या गप्पा मारून जातो.”

ज्या माणसाच्या टाचेला हिच्या बुटाने जखम केली, तो माणूस हिचं घर वाचवायच्या गोष्टी करत होता. बूटवाली त्या दिवशी नीट जेवली नाही. चारशे बारा फर्मे अजून मोजायचे होते. त्यांतले किती फुगले, कुणाची टाच आज मोज्यात लाल होत असेल, हे तिला माहीत नव्हतं. तिने नवं काम घेणं बंद केलं. तळघर कोरडं होत नाही तोवर एकही बूट शिवायचा नाही, असं तिने ठरवलं. मग खायचं काय, हे नवऱ्याने विचारलं नाही. त्याची पावांची गाडी आहे, सकाळी दुकानांना पाव पोचवतो आणि अकराला घरी असतो. तो एवढंच म्हणाला, “पाव आहेत.”

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला, चांगला दणकून. काका आले ते पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, लेकीच्या रिक्षातून, लेकीच्या शिव्या खात. गिऱ्हाइकाला बसायचं स्टूल अंगणात ठेवलं, नवऱ्याने छत्री धरली.

“कॉर्कचा भुगा असेल ना तुझ्याकडे?”

बुटाच्या तळव्यात कॉर्क घालतात, भुग्याची पोती पडलेली असतात. तिने घमेलंभर आणला.

“टाक. सगळीकडे टाक.”

भुगा पाण्यावर तरंगला आणि चालू लागला. एकही कण रस्त्याकडे जाईना. फाटकाजवळचा, कडेचा, मधला, सगळा भुगा लगीनघाई असल्यासारखा घराकडे निघाला आणि भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन थांबला. वाफ्याला विटांची सुंदर नक्षीदार कड होती. बूटवालीने स्वतः बसवलेली. त्या कडेमागे तळं झालं होतं आणि तळ्याच्या मधोमध छपराचा पाइप आपलं सगळं पाणी धबाधबा ओतत होता.

“वाफा कुणाचा?” काकांनी विचारलं.

“माझा.”

“झकास आहे. तळघराला पाणी पाजायला याहून चांगलं काही बांधता आलं नसतं.”

नवरा हसला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की छत्री हलली.

“निम्मं पाणी तुझंच आहे, पोरी,” काका म्हणाले. “खात्यानं निम्मं खरं लिहिलंय, तेच तर वाईट. धडधडीत खोटं असतं तर कुणीही पकडलं असतं. आता तुझं निम्मं आपण काढू. मग त्यांच्या निम्म्याकडे बघू.”

साहेबांनो, हा माणूस तुमची बाजूही मांडत होता. ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून खणणं सुरू झालं. वाफा गेला, झाडं पत्र्याच्या डब्यांत गेली. भिंतीलगत चिकणमाती ठोकून ठोकून बसवली, भिंतीपासून सहा फुटांत सहा इंच उतार. छपराचा पाइप जोडून अंगणापार नेला. मग भिंतीला समांतर चर. काका स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर, नळीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं बूटवालीच्या.

“घराच्या पायाखाली जायचं नाही हं. कडेनं जायचं. पाया उघडा पाडलास तर घर माझ्या अंगावर येईल, आणि मला पळता येत नाही.”

नवरा खणत होता. काका थोडा वेळ बघत राहिले. “अहो जावईबापू, खणताय की पाव कापताय?”

“मी जावई कुठला? मी मुलगा आहे या घरचा.”

“मग तर आणखी जोरात खणा.”

चरात जाळीचं कापड अंथरलं, त्यावर खडी, त्यावर भोकांचा पाइप. नवऱ्याने पाइप ठेवला तो भोकं वर करून. शहाण्यासारखं दिसत होतं. पाणी वरून येतं, भोकं वर हवीत. काका इतके हसले की खोकला लागला. “उलटा करा, उलटा. भोकं खाली. जमिनीतलं पाणी खालून चढत येतं. तळाशी असतानाच त्याला पाइपात घ्यायचं. तुमच्या भोकांपर्यंत चढेस्तोवर ते आत जाऊन फर्म्यांना भेटून येईल.” नवऱ्याने पाइप फिरवला, वर पुन्हा खडी टाकली, कापड गुंडाळून घेतलं. आबा खिडकीतून आवाजावरून सगळं बघत होते. “खडी कमी पडली,” ते मधेच म्हणाले. आणि खरंच कमी पडली होती.

आता उरलं एकच. चराचं पाणी सोडायचं कुठे?

“तोंडात,” काका म्हणाले.

“कसल्या तोंडात?”

“गटाराच्या. तुमच्या फाटकासमोर आहे.”

दोघांनी फाटकासमोर बघितलं. डांबर होतं.

“काही नाहीये, काका. खात्याच्या नकाशातही नाही. आम्ही मागवला होता.”

काका मान खाली घालून पायाची पिशवी नीट करत बसले. मग बोलले, “या गल्लीत सोळा तोंडं आहेत. तीस वर्षांपूर्वी मी बसवली. हे सहावं. डांबराचा पहिला थर तोंडांवरून गेला, तेव्हा मी साहेबाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला गोदामात बसवलं, पाइप मोजायला. सात वर्षं पाइप मोजले. निवृत्त झालो, म्हटलं आपला आता काय संबंध. तुझ्याकडे बुटाला यायचो तेव्हा दरवेळी याच्यावर पाय देऊन यायचो, पोरी. बोललो नाही. तेव्हा चूक तू एकटीनं नाही केलीस. तुझी दोन सुतांची. माझी सोळा तोंडांची.”

बूटवालीने कोपऱ्यातली पहार उचलली.

“कुठे, सांगा.”

“अगं, सरकारी रस्ता आहे,” नवरा म्हणाला.

“माहितीये. तुम्ही दिव्याच्या खांबाला टेप लावा.”

खांबापासून एकोणीस फूट, कडेपासून दीड. तिने पहारेने ठोकत ठोकत यायला सुरुवात केली. टण. टण. टण. आणि मग ढब्ब. भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, तिने तिथे घाव घातला. डांबराचे सहा थर निघाले. खाली लोखंडी जाळी, जाळीखाली गाळ. तो नवऱ्याने घमेल्याने उपसला. मग तिने बादलीभर पाणी ओतलं. ते गट्टकन गेलं. खालची मोठी लाइन तीस वर्षं ठणठणीत होती साहेबांनो, तुम्ही फक्त तिची तोंडं शिवून टाकली होती.

चराचा पाइप त्या तोंडात सोडला, आणि पुढच्या मोठ्या पावसात बूटवालीने तळघराच्या फरशीवर वर्तमानपत्राचं एक पान पसरलं आणि शेजारी बसून राहिली. बाहेर पाइप वाजत होता. दोन तास झाले, तीन झाले. पान उचललं तर कुरकुरीत. वरून आबा दर पाच मिनिटांनी विचारत होते, “काय म्हणतंय?” तिने काकांना फोन लावला.

“काका...”

“कोरडं?”

“कोरडं.”

“मग ठेव फोन. जेवतोय मी.”

तिने फोन ठेवला आणि फळीला डोकं टेकून रडली. कित्येक दिवसांनी तिच्या डोक्यावरून चारशे तेरा पाय उतरले होते.

नंतरचे दोन महिने ती आणि आबा मिळून एकेक फर्मा कार्डाशी ताडत होते. बरेचसे कोरड्या हवेत हळूहळू आपल्या मापावर आले. तडकलेले आणि वाकलेले एकतीस बाजूला निघाले. ते आबांनी नव्याने तासायला घेतले, डोळ्यांशिवाय. ती कार्ड वाचायची, ते अंगठ्याने लाकूड चाचपून तासायचे. “थांबा, आबा, बस्स.” “मला सांगतेस? अजून अर्धं सूत आहे.” असायचं. ज्यांच्या फर्म्यांत फरक निघाला त्या सगळ्यांना तिने फोन करून बोलावून घेतलं आणि त्यांचे पाय तपासले. एका बाईच्या करंगळीला फोड येऊ लागला होता, तो वेळेवर सापडला. त्या बाईला कुणाचे आभार मानायचे ते माहीत नव्हतं. बूटवालीने सांगितलं.

काकांकडे ती दर आठवड्याला जायची. पट्टी सोडून टाच बघायची, लेकीच्या हातचा चहा प्यायची. सातव्या आठवड्यात जखम भरली. आठव्यात तिने नवा बूट नेला, नव्या फर्म्यावरचा. त्यात त्यांचा पाय घातला, नाडी बांधली आणि तिथेच खाली बसून हात जोडले.

“ए, ऊठ. पाया पडायला मी म्हातारा झालोय का?”

“झालाय की.”

“पण पाय मेलेला आहे. नमस्कार कळत नाही त्याला.”

“त्याला नसेल कळत. तुम्हाला तर कळतो ना?”

काका खिडकीबाहेर बघू लागले. “चहा ठेव गं,” लेकीला म्हणाले. लेक म्हणाली, “समोरच आहे चहा.”

आणि मग तुम्ही उतरलात, साहेबांनो. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या गाडीतून कुणी फाटकाशी उतरलं. चौघे कामगार, एक सुपरवायझर, डांबराचं पिंप आणि एक कागद: ‘विनापरवानगी उघडलेले छिद्र बंद करणेबाबत.’ त्या दिवशी काका बुटाला टाके बसवून घ्यायला आले होते. ते स्टूल घेऊन बाहेर आले आणि सरळ जाळीवर बसले.

“बाबा, उठा,” सुपरवायझर म्हणाला.

पण कामगारांतला एक पुढे आला. “लेवलकाका? तुम्ही?” त्याने फावडं खाली ठेवलं. “साहेब, हे तोंड यांनी बसवलंय. यांच्या हाताखाली शिकलो मी. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“मला वरून ऑर्डर आहे.”

“वरून पाऊसही येतो,” बूटवाली म्हणाली. “तो कुठे घालू, तेवढं लिहून द्या. कागद मी देते. पेन पण देते.”

सुपरवायझरने पेनाकडे बघितलं. पिंपातलं डांबर गार होत चाललं होतं. “वर कळवतो,” तो म्हणाला आणि गाडीत बसला. वाईट माणूस नव्हता तो. जाता जाता त्याने हळूच विचारलं, “माझ्या आईचे पाय सुजतात. तुम्ही बघाल का?” “आणा त्यांना,” ती म्हणाली. परवा आणून गेलाही. चारशे पंधरा झाले आता.

साहेबांनो, या घराला तुमच्याकडून काही नको. त्याचं तळघर कोरडं आहे, ते एका अर्ध्या पायाच्या म्हाताऱ्यामुळे. त्याचे उपकार हे घर कधी फेडू शकणार नाही, आणि फेडावेत असं त्याला वाटतही नाही. पण त्याने बूटवालीच्या हाताने एका कागदावर गल्लीतली सगळी तोंडं काढून दिली आहेत, खांबापासूनच्या फुटांसकट. सहावं उघडलं. पंधरा तुमच्या डांबराखाली आहेत. नवव्यासमोरच्या घरात एक मास्तर तळघरातली पुस्तकं दर पावसाळ्यात दोरीवर वाळत घालतात. बाराव्यासमोर एक आजी तळघरातच झोपते, कारण तिला जिना चढवत नाही, आणि तिच्या खाटेखाली विटा आहेत. दोघांनाही तुमचं तेच ‘संबंध नाही’चं पत्र आलेलं आहे. त्या कागदाची प्रत तुमच्या टेबलावर पोचून बावीस दिवस झाले. पोच मिळाली आहे, शिक्क्यासकट.

चर खणायला नवरे आहेत. नळी धरायला काका आहेत. पंधरा जाळ्यांवरचं डांबर तेवढं तुमचं आहे. ते कधी काढता? तारीख सांगा.